गेम रिव्ह्यूंचं वजन: घेणाऱ्यावर किती, बनवणाऱ्यावर किती

सोलापुरात इंजिनिअरिंग करणारे दोन मित्र स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) एक छोटा गेम आणायच्या तयारीत आहेत. "हल्ली रिव्ह्यू वाचतं कोण, सगळे यूट्यूबच बघतात," असं त्यांना सगळीकडून ऐकायला मिळतं. त्यांचा प्रश्न दुहेरी आहे. रिव्ह्यूचा खेळणाऱ्यांवर आणि डेव्हलपरवर खरंच किती परिणाम होतो? आणि आपण स्वतः गेम घेताना कुठल्या रिव्ह्यूवर भरवसा ठेवायचा?

त्या दोघांना आधी थेट उत्तर. रिव्ह्यू गिऱ्हाईक फारसं आणत नाही, पण दारात आलेलं गिऱ्हाईक आत येणार की परत जाणार हे बऱ्याचदा तोच ठरवतो. गेमचं नाव कानावर पडतं ते मित्राकडून, स्ट्रीममधून, सेलच्या यादीतून. पैसे भरण्याआधीचं शेवटचं अर्धं मिनिट मात्र रिव्ह्यूचं असतं. चुकीचा निर्णय झाला तर खेळणाऱ्याचे हजार-दोन हजार रुपये जातात, बनवणाऱ्याची दोन-तीन वर्षं जातात. म्हणून रिव्ह्यूचा खरा भार डेव्हलपरवर पडतो, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्या गेमवर हा प्रभाव सारखा नसतो. दरवर्षी येणाऱ्या फुटबॉलच्या किंवा युद्धाच्या मोठ्या मालिका लोक मित्रांबरोबर खेळायला घेतात. त्यांना समीक्षकांनी दहापैकी सहा दिले काय अन् आठ दिले काय, ग्रुप जिकडे जाईल तिकडे आपण. गेमिंग झोनवाल्याचंही तेच. पाच पोरं शेजारी-शेजारी बसून काय खेळतील यावर तो गेम टाकतो. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला तेव्हा फार कुणाला माहीत नव्हता. २०२० मध्ये स्ट्रीमर तो खेळायला लागले आणि तो जगभर पोचला. त्यात समीक्षकांचा वाटा जवळपास नव्हता. रिव्ह्यूची पकड सर्वांत घट्ट असते ती मधल्या गेमवर: नाव अनोळखी, एकट्याने खेळायचा, किंमत तीनशे ते दोन हजार. तुमचा गेम नेमका याच गटात आहे.

चांगल्या रिव्ह्यूंमुळे विक्री वाढते, की चांगल्या गेमला रिव्ह्यूही मिळतात आणि विक्रीही होते? आकडे नुसते शेजारी ठेवून हे कळत नाही, कारण मोठ्या गेमचं जाहिरातीचं बजेटही मोठं असतं. २०१० मध्ये ईईडीएआर ही संशोधन कंपनी आणि अमेरिकेतलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ यांनी यावर एक प्रयोग केला. 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' हा एकच गेम तीन गटांना खेळायला दिला. एका गटाला आधी चांगले रिव्ह्यू दाखवले, दुसऱ्याला वाईट, तिसऱ्याला काहीच नाही. चांगले रिव्ह्यू वाचलेल्यांनी स्वतःही जास्त गुण दिले, आणि शेवटी गेम किंवा १० डॉलर यातलं एक निवडायला सांगितल्यावर गेम घेण्याकडे त्यांचा कल जास्त होता. म्हणजे आधी वाचलेला आकडा पुढचा खेळण्याचा अनुभवही रंगवतो.

आता आकड्यांकडे. मेटाक्रिटिक ही वेबसाइट २००१ पासून समीक्षकांच्या गुणांची १०० पैकी सरासरी काढते. ही साधी सरासरी नाही, प्रत्येक प्रकाशनाला वेगळं वजन दिलेलं असतं आणि ते वजन जाहीर केलं जात नाही. गेमला हिरवा रंग मिळायला ७५ लागतात, सिनेमाला ६१ पुरतात. यावरून लक्षात यावं की गेमच्या जगात ७० हा 'बरा' आकडा नसून धोक्याचा आहे. समीक्षकांच्या गुणपट्टीचा खालचा अर्धा भाग फारसा वापरलाच जात नाही, म्हणून ८४ आणि ८५ यांतल्या फरकालाही अवास्तव किंमत येते.

ती किंमत 'फॉलआउट: न्यू व्हेगास'ने दाखवून दिली. २०१० चा हा गेम बनवला ऑब्सिडियनने, प्रकाशित केला बेथेस्डाने. करारात बोनसची अट होती मेटाक्रिटिकवर ८५. मिळाले ८४. २०१२ मध्ये ऑब्सिडियनच्या ख्रिस अव्हेलोन यांनीच हे जाहीरपणे सांगितलं. 'सायबरपंक २०७७'च्या वेळीही कर्मचाऱ्यांच्या बोनसची गाठ रिव्ह्यूच्या आकड्याशी बांधलेली होती. गेमची लाँचिंगला बेअब्रू झाल्यावर कंपनीने ती अट काढून टाकली. अशा अटींचा परिणाम गेमच्या रचनेपर्यंत जातो. प्रकाशक रिलीजच्या काही महिने आधी बाहेरच्या अनुभवी समीक्षकांना पैसे देऊन गुप्त 'मॉक रिव्ह्यू' लिहून घेतात आणि त्यातल्या तक्रारींवरून काम ठरतं. हे नीट वापरलं तर फार उपयोगी आहे. पण मुदत जवळ आलेली असताना 'मल्टिप्लेअर नाही' अशा शेऱ्यावरून घाईने मल्टिप्लेअर चिकटवला, तर मूळ गेम पॉलिश करायला लागणारा वेळ त्यातच जातो.

तुम्हाला मेटाक्रिटिकची काळजी करायची गरज नाही. तिथे आकडा दिसायलाच किमान ४ समीक्षकांची परीक्षणं लागतात, आणि छोट्या गेमला ती सहसा मिळत नाहीत. तुमचं भवितव्य स्टीमच्या खेळाडूंच्या रिव्ह्यूंवर आहे, तेव्हा तिथलं गणित पाठच करून ठेवा.

स्टीमवर गुण नसतात. शिफारस करतो किंवा करत नाही, एवढंच असतं. १० रिव्ह्यू होईपर्यंत कुठलंच लेबल लागत नाही. त्यानंतर ८० टक्के किंवा जास्त होकार असतील तर 'पॉझिटिव्ह', तेच प्रमाण ५० रिव्ह्यूंवर टिकलं तर 'व्हेरी पॉझिटिव्ह', आणि ५०० रिव्ह्यूंवर ९५ टक्के असतील तर 'ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह'. ७० ते ७९ म्हणजे 'मोस्टली पॉझिटिव्ह', ४० ते ६९ म्हणजे 'मिक्स्ड'. खरी कडा ७० ची आहे. 'मिक्स्ड' हा शब्द पिवळट रंगात दिसला की अनोळखी गेमवरून लोक सरळ पुढे जातात. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हच्या म्हणण्यानुसार ४० टक्क्यांच्या वर असेपर्यंत स्टोअर गेम कमी दाखवत नाही. त्यामुळे 'मिक्स्ड' गेमचं नुकसान अल्गोरिदम करत नाही, ते लेबल बघणाऱ्या माणसाच्या मनात होतं.

हिशोब करून बघा. १२ रिव्ह्यूंत ३ नकार असतील तर ७५ टक्के, ठीक. त्याच १२ मध्ये ३ ऐवजी ४ नकार असतील तर ६६.७, म्हणजे 'मिक्स्ड'. तिथून ७० च्या वर यायला सलग २ होकार पुरतात, ८० ला पोचायला सलग ८ लागतात. आता हीच अवस्था १,००० रिव्ह्यूंवर धरा. ६५० होकार असतील तर ७० टक्क्यांसाठी सलग १६७ होकार हवेत आणि ८० साठी सलग ७५०. सुरुवातीला गाडी लवकर घसरते, पण लवकर सावरताही येते. नंतर तिला हलवणं महाकठीण. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या क्रॅशकडे दुर्लक्ष करणं हा सर्वांत महाग आळस आहे.

इथे एक गफलत हमखास होते. कॉलेजातल्या तीस मित्रांना फुकट 'की' (गेम स्टीमवर सुरू करायचे कोड) वाटायच्या, सगळ्यांकडून रिव्ह्यू लिहून घ्यायचे, झाले दहा पूर्ण! तसं होत नाही. सप्टेंबर २०१६ पासून कीने सुरू केलेल्या गेमचे रिव्ह्यू दिसतात, पण टक्केवारीत धरले जात नाहीत. स्टीमवरून पैसे देऊन घेतलेल्यांचेच रिव्ह्यू मोजले जातात. स्वतःच्या टीमने रिव्ह्यू लिहिणं, रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं, गेममध्ये पाटी टाकून रिव्ह्यू मागणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. त्यात पकडले गेलात तर गेम स्टोअरवरून जाऊ शकतो.

स्टीमवर 'ऑल' आणि 'रीसेंट' असे दोन आकडे वेगळे दिसतात, 'रीसेंट' म्हणजे गेल्या ३० दिवसांचे. यामुळे सुधारणेला वाव राहतो. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा कबूल केलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या आणि रिव्ह्यू गडगडले. हॅलो गेम्सची टीम वाद न घालता वर्षानुवर्षं मोफत अपडेट देत राहिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एकूण रिव्ह्यू 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाले. आठ वर्षं लागली! आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'चं. २०२० मध्ये आलेल्या या गेमची चित्रशैली आणि पुराणकथांचा वापर समीक्षकांनी उचलून धरला, लढतीबद्दल कुरकुर केली. २०२२ च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये खेळण्यातल्या सुधारणांबरोबर हिंदी संवादही आले. रिव्ह्यूचा असा उपयोग व्हावा.

रिव्ह्यू बॉम्बिंग, म्हणजे ठरवून नकारांचा पाऊस पाडणं, याबद्दल थोडक्यात. मे २०२४ मध्ये पीसीवर 'हेलडायव्हर्स २' खेळणाऱ्यांना पीएसएन (सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क) खातं सक्तीचं करायचं सोनीने जाहीर केलं. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त नकार पडले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. खेळाडूंची इतकी थेट सत्ता दुसऱ्या करमणुकीत क्वचितच दिसेल. पण हेच हत्यार कथेतल्या एखाद्या पात्राच्या रागावरूनही उपसलं जातं. म्हणून स्टीम २०१९ पासून विषयाबाहेरचा हल्ला ओळखून ते दिवस टक्केवारीतून वगळतं, आणि मेटाक्रिटिकने २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'च्या गोंधळानंतर खेळाडूंना रिलीजनंतर ३६ तास थांबायला लावलं.

मोबाइलवर चित्र वेगळं आहे. तिथे रिव्ह्यूचा मजकूर थोडेच वाचतात, ताऱ्यांचा आकडा बघतात. नोव्हेंबर २०२१ पासून गूगल प्लेवर आपल्याला आपल्या देशातलं रेटिंग दिसतं. भारतात ३-४ जीबी रॅमचे फोन भरपूर असल्यामुळे परदेशात ४.५ असलेला गेम इथे ३.६ वर दिसू शकतो. प्ले कन्सोलमधून कमी रॅमचे फोन वगळता येतात. सगळीकडे पोचायच्या हव्यासात ते कुणी वगळत नाही आणि मग एक तारा देणाऱ्यांची रांग लागते. अपेक्षाभंगाचं ठळक उदाहरण म्हणजे 'फौजी'. २६ जानेवारी २०२१ ला आला तेव्हा लोकांना पबजीचा पर्याय हवा होता. हातात आली ती मुख्यतः हाणामारीची छोटी मोहीम, बंदुका आणि बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा खेळ) गायब. रेटिंग काही दिवसांत कोसळलं. गेम जसा होता त्यापेक्षा तो जसा वाटला होता, त्याचे गुण कापले गेले. तुमच्या ट्रेलरमध्ये जे दिसतं ते पहिल्या अर्ध्या तासात मिळालंच पाहिजे.

पैसे घेऊन केलेल्या स्तुतीचा प्रश्न खराच आहे. २०१४ च्या 'शॅडो ऑफ मॉर्डॉर'साठी यूट्यूबरना पैसे देऊन ते नीट न सांगितल्याबद्दल अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने वॉर्नर ब्रदर्सवर कारवाई केली, २०१६ मध्ये तडजोड झाली. भारतात २०२१ पासून एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, जाहिरात असेल तर तसं लेबल लावावं लागतं. मराठी-हिंदी चॅनेलवर व्हिडिओ बघताना 'पेड प्रमोशन' दिसतं का, आणि व्हिडिओत एक तरी नेमकी उणीव सांगितली आहे का, हे बघा. एकही उणीव नसलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ ही जाहिरातच समजावी.

आता गेम घेताना काय करायचं ते. 'ऑल' नाही, 'रीसेंट' आधी बघा. आलेखात एखाद्या दिवशी लाल खांब उंच दिसला तर त्यावर क्लिक करून कारण वाचा. राग सर्व्हर बंद पडल्याचा असेल तर तो कदाचित संपलेला असतो, कामगिरीचा असेल तर अजून असू शकतो. मग नकारात्मक रिव्ह्यूंतले ५ तासांहून जास्त खेळलेल्यांचे वाचा. ज्या गोष्टीला ते नावं ठेवतात ती तुम्हाला चालणारी असेल, तर गेम तुमच्यासाठी आहे. रिव्ह्यू कधी आणि कुठल्या यंत्रावरचे प्रसिद्ध झाले हेही बघा. 'सायबरपंक'चे डिसेंबर २०२० मधले पहिले रिव्ह्यू फक्त पीसीचे होते, कन्सोलची आवृत्ती आधी दिलीच नव्हती. पीएस४ वर गेम इतका मोडका निघाला की सोनीने तो आठवड्याभरात स्टोअरवरून काढला आणि तो जून २०२१ मध्ये परत आला. तुमच्या यंत्रावरचा रिव्ह्यू उपलब्ध नसेल तर थांबा.

आणि तुमचं यंत्र म्हणजे सोलापुरातलं यंत्र! समीक्षक गार खोलीत, ताज्या ग्राफिक्स कार्डावर खेळतात. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि जुन्या जीटीएक्स १६५० कार्डावर किंवा साध्या लॅपटॉपवर दुपारी अर्ध्या तासात प्रोसेसर तापून वेग कमी करतो. म्हणून यूट्यूबवर गेमच्या नावापुढे आपल्या कार्डाचं नाव टाकून शोधा आणि सरासरी एफपीएसऐवजी (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) '१ टक्का लो', म्हणजे सर्वांत संथ क्षणांतला वेग, हा आकडा बघा. अडखळणं त्यातच दिसतं. स्टीमचा परतावा खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलात तर मिळतो. गेम आत शिरून शेडर (चित्र काढायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसला तर तो वेळही त्या दोन तासांत धरला जातो. तेव्हा चाचणी रात्री गारव्यात न घेता दुपारी घ्या, सलग ४० मिनिटं चालवा, गर्दीच्या किंवा स्फोटाच्या जागेपर्यंत पोचा. ऑनलाइन गेम असेल तर सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापुरात, हे आधी तपासा. इंग्लंड-अमेरिकेतल्या रिव्ह्यूत तुमचा पिंग (सर्व्हरशी ये-जा करायला लागणारा वेळ) नसतो.

तुमच्या गेमबद्दल. चॅनेल आणि समीक्षकांना की रिलीजच्या दोन ते तीन आठवडे आधी पाठवा. ईमेल एका पानात संपवा: गेम काय आहे हे दोन वाक्यांत, किंमत, तारीख, किती तासांचा, किमान पीसी, पाच स्क्रीनशॉट, एक ट्रेलर, आणि व्हिडिओ कधीपासून टाकता येईल त्याची वेळ भारतीय वेळेसह. रिलीजनंतर 'क्युरेटर (स्टीमवर गेमच्या शिफारशींची यादी चालवणारा) आहे, ४ की पाठवा' अशा ईमेलचा पूर येतो. त्यातल्या बऱ्याच की पुढे विकल्या जातात. ईमेलचा पत्ता चॅनेलवर दिलेल्या पत्त्याशी जुळतो का ते बघा, आणि क्युरेटरला फक्त स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधूनच द्या. सोलापूरचा एक फायदा घ्या. इथली बरीच पोरं मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, हिंदी चॅनेलही बघतात. त्यांनाच विचारून प्रत्येक भाषेतली पाच-दहा छोटी चॅनेल गोळा करा. मोठ्या चॅनेलच्या उत्तराची वाट बघण्यापेक्षा हे हाती लागतं.

रिलीज मंगळवार ते गुरुवार करा. बरेच गेम अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० ला निघतात. आपल्याकडे ते उन्हाळ्यात रात्री १०:३० आणि हिवाळ्यात ११:३० असतात. तुम्हीही तीच वेळ धरलीत तर पहिले रिव्ह्यू मध्यरात्रीनंतर येतील. दोघांपैकी एकाने त्या दुपारी झोप काढलेली असावी, दुसऱ्याने सकाळी ताबा घ्यावा. वीज गेली तर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) चढवायला मोबाइलचं हॉटस्पॉट आणि चार्ज केलेला लॅपटॉप तयार हवा.

मग एक तक्ता उघडा: तारीख, रिव्ह्यू लिहितानाचे खेळलेले तास, भाषा, तक्रारीचा प्रकार, दुरुस्त झाली का. प्रत्येक नकार त्यात उतरवा आणि तासांनुसार लावा. अर्ध्या तासाच्या आतले नकार जवळजवळ नेहमी क्रॅश, कंट्रोल किंवा न कळलेली सुरुवात यांचे असतात, ते आधी. दोन ते पाच तासांचे असतात लांबी आणि तोचतोचपणाचे, त्यांना महिना लागतो. वीस तासांवरचे असतात संतुलनाचे, त्यांच्याशी सावकाश बोला. 'मला आवडला नाही' याला उत्तर देऊ नका. 'दुसऱ्या लेव्हलला बंद पडतो' याला त्याच दिवशी द्या: चूक सापडली, अमुक पॅचमध्ये जाते आहे. पॅच गेल्यावर तेच उत्तर बदलून त्यात आवृत्तीचा क्रमांक टाका. रिव्ह्यू बदला असं मात्र म्हणू नका. रिव्ह्यू बदलायची सोय त्याच्याकडे असते आणि बग खरंच गेला असेल तर बरेच जण तो आपणहून बदलतात.